कॅमेऱ्याखालचा डबा

लग्नाच्या लॉन्सवर कॅमेऱ्याला बॅटरी ग्रिप लावून गेलं की लोक आपोआप वाट देतात. नवरीचे मामा खुर्ची सरकवतात, करवल्या पदर सारखा करतात. तोच कॅमेरा, तीच लेन्स, पण ग्रिप काढून नेली की मागून आवाज येतो, "ओ भाऊ, जरा बाजूला व्हा, फोटोग्राफरला दिसू द्या." नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, आणि तिथला फोटोग्राफर मीच होतो. ग्रिपचा हा उपयोग माहितीपुस्तिकेत कुठेच छापलेला नसतो. तरी बऱ्याच ग्रिप्स याच कारणासाठी विकल्या जात असाव्यात, असा माझा जुना संशय आहे.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. त्याने नुकताच कॅनन १५००डी घेतला आणि पंधरा दिवसांत विचारलं, "मामा, ग्रिप घेऊ का? बॅटरी लवकर उतरते." हो किंवा नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ग्रिप नेमकं काय करते हे कळल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नव्हता.

तर ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला बसणारा पोकळ डबा. तळाशी ट्रायपॉडसाठी पाव इंची आटे असतात, त्यातच तिचा स्क्रू फिरतो. डब्यात बॅटऱ्या बसतात आणि डब्याच्या एका कोपऱ्यावर दुसरं शटर बटण, दुसरं डायल, फोकसचं बटण असतं. कॅमेरा उभा धरला की ही बटणं बरोबर बोटाखाली येतात.

जोडणीच्या पद्धती दोन. कॅननच्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, मूळ बॅटरी काढायची, बॅटरीच्या कप्प्याचं झाकण बिजागरीतून सोडवायचं आणि ग्रिपवरचा उभा दांडा त्या रिकाम्या कप्प्यात सारायचा. बॅटऱ्या दोन्ही डब्यात जातात. निकॉनच्या डी३००, डी७००, डी८५० यांसारख्या कॅमेऱ्यांत आतली बॅटरी जागची हलत नाही. तळाचं छोटं रबरी बूच काढलं की खाली धातूचे कॉन्टॅक्ट्स दिसतात, ग्रिप त्यांना टेकते आणि आपली एक जादा बॅटरी घेऊन येते. दुसऱ्या पद्धतीचा फायदा असा की ऐन वेळी ग्रिप बिघडली तर स्क्रू सोडायचा, डबा पिशवीत टाकायचा आणि काम चालू ठेवायचं. पहिल्या पद्धतीत मात्र आधी बॅटरी परत आत घालायची, मग काढून ठेवलेलं झाकण शोधायचं. ते झाकण ठेवायला ग्रिपमध्येच एक खाच केलेली असते. तिचा उपयोग करा. मी केला नव्हता, आणि माझ्या कॅनन ८०डीचं झाकण चापडगावच्या गवतात कुठेतरी पडलेलं आहे.

आता वीज. दोन बॅटऱ्या घातल्या म्हणजे कॅमेऱ्याला दुप्पट ताकद मिळते असं पुष्कळांना वाटतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या डोळ्यांसमोर आणा. एका टाकीशेजारी तेवढ्याच उंचीवर दुसरी टाकी ठेवून पाइपने जोडली, तर नळाचा जोर वाढत नाही, पाणी तेवढं जास्त वेळ पुरतं. जोर हवा असेल तर टाकी उंच चढवावी लागते. पाण्याचा हा जोर म्हणजे व्होल्टेज. कॅननच्या ग्रिपमध्ये बॅटऱ्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या टाक्यांसारख्या असतात. एलपी-ई६एन ही बॅटरी ७.२ व्होल्टची आणि १८६५ मिलीअँपिअर-अवरची. अशा दोन घातल्या तरी व्होल्टेज ७.२च राहतं, साठा तेवढा ३७३० होतो.

पण शेजारच्या दोन टाक्यांत पाण्याची पातळी वेगवेगळी असेल तर? भरलेल्या टाकीचं पाणी धडाधड रिकाम्या टाकीत जाईल. बॅटऱ्यांच्या बाबतीत असं होणं धोक्याचं असतं, म्हणून वीज उलट्या दिशेने जाऊ नये अशी व्यवस्था लागते. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना हे लगेच कळेल. विहिरीच्या मोटरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो ना, तेच काम. म्हणूनच एक भरलेली आणि एक अर्धी बॅटरी घातली की सहसा भरलेली आधी उतरू लागते, आणि दोघी सारख्या पातळीवर आल्या की मग जोडीने काम करतात. दोन्ही एकदम उतरत नाहीत म्हणून ग्रिपला दोष देऊ नये. निकॉनच्या पद्धतीत एका वेळी एकच बॅटरी वापरली जाते आणि आधी कुठली संपवायची हे मेनूत ठरवता येतं. तिथे ग्रिपमधली आधी संपवावी. तिची बदलायची वेळ आली की ग्रिपचं दार उघडून काम होतं, आतल्या बॅटरीसाठी पूर्ण डबा सोडवावा लागत नाही.

टाकी खरोखर उंच चढवणाऱ्या ग्रिप्सही आहेत. निकॉन डी७०० एरवी सेकंदाला ५ फोटो काढतो. त्याला एमबी-डी१० ग्रिप लावून आत ११.१ व्होल्टची मोठी ईएन-ईएल४ए बॅटरी घातली की ८ काढतो. डी८५०चा वेग एमबी-डी१८ ग्रिप आणि ईएन-ईएल१८बी बॅटरी यांच्या जोडीने ७वरून ९ होतो. आरसा वर-खाली करणाऱ्या आणि शटर ताणणाऱ्या यंत्रणेला जास्त व्होल्टेज मिळालं की ती चटकन परत सज्ज होते, एवढंच त्यामागचं कारण. यात गोम अशी की त्या मोठ्या बॅटरीसाठी वेगळं झाकण लागतं, वेगळा चार्जर लागतो आणि दोन्हींचे पैसे वेगळे. डी८५०ला ग्रिप लावून आत नेहमीचीच ईएन-ईएल१५ घातली तर वेग तसूभर वाढत नाही. कॅननच्या ८०डीला ग्रिप लावा की काढा, सेकंदाला ७च फोटो. फोटोचा दर्जा तर कुठल्याच ग्रिपने बदलत नाही. हे लिहावं लागतंय, कारण मला हा प्रश्न खरंच विचारला गेलाय.

बऱ्याच कॅनन ग्रिप्ससोबत पेन्सिल सेलचा एक ट्रे येतो. त्यात सहा सेल बसतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे सहांचे ७.२ व्होल्ट झाले. सेल २००० मिलीअँपिअर-अवरचे असतील तर एकूण ऊर्जा सुमारे १४.४ वॅट-अवर, म्हणजे साधारण एका एलपी-ई६एन इतकी. सहा सेल वाहायचे आणि एका बॅटरीचं काम मिळवायचं. साधे अल्कलाइन सेल तर त्याहून वाईट, कारण कॅमेरा एकदम मोठा करंट ओढतो आणि तेवढ्यात ते मान टाकतात. तरीही हा ट्रे मी पिशवीच्या तळाशी ठेवतो. रात्री चार्जर विसरलो आणि काम सिन्नरच्या पुढच्या एखाद्या गावात असलं, तर किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतात, एलपी-ई६ मिळत नाही.

"एका बॅटरीत ९६० फोटो" असं ८०डीबद्दल लिहिलेलं असतं. हा आकडा कॅमेरा कंपन्यांच्या सिपा या जपानी संघटनेच्या चाचणीने काढतात. या चाचणीत कॅमेऱ्यात फ्लॅश असेल तर निम्मे फोटो फ्लॅशने काढतात, फोटोंमध्ये ठरावीक अंतर ठेवतात, मध्ये मध्ये कॅमेरा बंद-चालू करतात. लग्नात आपण असं काही करत नाही. वरमाला पडताना बोट बटणावरून उठतच नाही, त्यामुळे मला एका बॅटरीत हजाराच्या वरही फोटो मिळाले आहेत. उलट मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढले तर त्याच ८०डीचा अधिकृत आकडा ३००वर येतो. स्क्रीन आणि सेन्सर सतत जागे राहतात, ते वीज खातात. बॅटरी लवकर उतरते अशी तक्रार करणाऱ्या दर चौघांतले तिघे दर फोटोनंतर स्क्रीनवर झूम करून बघत असतात, असा माझा अंदाज. माझा भाचा त्या तिघांतला.

मग साधा प्रश्न उरतो. नुसता साठाच वाढवायचा तर दुसरी बॅटरी खिशात ठेवली म्हणजे झालं की. बदलायला दहा सेकंद लागतात. मंगलाष्टकांच्या दोन कडव्यांमध्ये मी ती शेकडो वेळा बदलली आहे. नुसत्या बॅटरीसाठी ग्रिप घेणं म्हणजे घागरभर पाण्यासाठी टँकर बोलावणं.

ग्रिपची खरी किंमत कळते ती उभ्या फ्रेममध्ये. एक प्रयोग करून पाहा. हातात कॅमेरा नसला तरी चालेल. दोन्ही हात डोळ्यांसमोर कॅमेरा धरल्यासारखे आणा. आडव्या फ्रेममध्ये दोन्ही कोपर बरगड्यांना टेकलेले असतात आणि कॅमेऱ्याचं वजन सगळं शरीर पेलतं. आता कॅमेरा उभा करा. उजवा कोपर पंखासारखा हवेत गेला, मनगट मुरडलं, आणि सगळा भार डाव्या तळहातावर आला. एक-दोन फोटोंना काही वाटत नाही. पण रिसेप्शनच्या स्टेजसमोर तीन तास उभं राहून जोडप्याचे पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढायचे असतात. पाहुण्यांची रांग संपत नाही आणि प्रत्येकाला "एक उभा पण घ्या" हवाच असतो. नवव्या-दहाव्या कुटुंबापर्यंत खांदा बोलायला लागतो. खांदा थकला की हात हलतो, आणि हॉलमधल्या मंद उजेडात शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर असताना हललेला हात फोटोत दिसतो. ग्रिप असली की कॅमेरा उभा करूनही उजवा हात खालीच राहतो, कोपर बरगडीला टेकलेला. बोटाखाली शटर, अंगठ्याखाली फोकस, सगळं जिथल्या तिथे.

मोठ्या पंजाच्या माणसाला आणखी एक सुख. छोट्या कॅमेऱ्यावर करंगळीला जागाच नसते, ती खाली लोंबकळते. ग्रिपमुळे तिला बूड मिळतं. सत्तर-दोनशे मिलीमीटरसारखी दीड किलोची लेन्स पुढे असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो, कारण पुढचा भार तोलायला मागे काहीतरी लागतं.

याची दुसरी बाजूही आहेच. ग्रिप आणि जादा बॅटरी मिळून चारेकशे ग्रॅम वाढतात. पाठीवरच्या पिशवीत कॅमेऱ्याचा कप्पा छोटा पडतो. आणि गळ्यात कॅमेरा असताना पोटाला घासून ग्रिपचं शटर दाबलं जातं, मग घरी गेल्यावर कार्डात बुटांचे चाळीस फोटो सापडतात. त्यासाठी ग्रिपवर एक छोटा बंद-चालू खटका असतो. आडवे फोटो काढताना तो बंद ठेवायचा. "माझी ग्रिप बिघडली, बटणं चालत नाहीत" असा फोन आला की मी पहिल्यांदा हा खटका विचारतो. बहुतेक वेळा फोन तिथेच संपतो.

थंडीत मात्र बॅटऱ्यांचं गणित बदलतं, आणि आपल्याकडे थंडी म्हणजे निफाड. तिथला पारा हिवाळ्यात एक आकडी होतो, लाटेच्या दिवसांत पाच अंशांच्या आसपास उतरतो. गोदावरी-कादवाच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर त्याच तालुक्यात. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. पक्षी बघायचे तर उजाडायच्या आत तिथे पोहोचायचं, म्हणजे सगळ्यात गार वेळ. अशा वेळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दोन-तीनशे फोटोंत लाल दिवा दाखवते आणि माणूस चार्जरला शिव्या देतो. खरं तर वीज आतच असते. लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक हालचाल थंडीने मंदावते, आतला अवरोध वाढतो. शटर आणि फोकसच्या मोटरने एकदम करंट ओढला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, आणि कॅमेरा ते बघून बॅटरी संपली असं समजतो. तीच बॅटरी काढून स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात पंधरा मिनिटं ठेवली की पुन्हा उठून बसते.

ज्या ग्रिपमध्ये दोन्ही बॅटऱ्या जोडीने काम करतात, तिथे थंडीत त्यांचा फायदा नुसत्या दुपटीहून जास्त होतो. ओढला जाणारा करंट दोघींत वाटला जातो, प्रत्येकीवर निम्माच ताण येतो, म्हणून व्होल्टेजही कमी बसतं. गवतात दबून बसलेलं असताना, समोर रोहित (फ्लेमिंगो) पाण्यावरून उठत असताना बॅटरी बदलायला हलावं लागत नाही. पक्ष्यांसाठी ग्रिप घ्यावी असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी ओरिजिनलच्या एक चतुर्थांश किमतीत एक लोकल ग्रिप घेतली. सहा महिने झकास चालली. मग ओझरजवळच्या एका लग्नात शेवटचं "शुभमंगल सावधान" झालं, अक्षता उडाल्या, आणि कॅमेरा बंद. बॅटऱ्या दोन्ही भरलेल्या. बंद करून चालू केला, सुरू झाला. कॅमेरा उभा केला, पुन्हा बंद. नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा कळलं की स्क्रूची चकती दिवसभराच्या हाताळणीने अर्धा फेरा सैल झाली होती. कॅमेरा आणि ग्रिप यांच्यात कागद जाईल एवढी फट पडली होती आणि हात पिळला की कॉन्टॅक्ट सुटत होते. हे ओरिजिनल ग्रिपलाही होऊ शकतं. स्वस्त ग्रिपचं प्लॅस्टिक जरा जास्त लवतं, इतकाच फरक. तेव्हापासून दर तासाला अंगठ्याने चकती तपासायची सवय लागली. फार जोर लावूनही आवळू नये, कारण आटे कॅमेऱ्याच्या तळाचे असतात आणि ते गेले तर खर्च कॅमेऱ्याचा. कॉन्टॅक्ट्स कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावेत. पाणी, स्पिरिटचे प्रयोग नकोत.

हीच लवचीकता ट्रायपॉडवर नडते. ग्रिपच्या तळालाही ट्रायपॉडचे आटे असतात, पण तिथे बसवलं की कॅमेरा आणि ट्रायपॉड यांच्यात एक प्लॅस्टिकचा मजला वाढतो. गोदाघाटावरच्या दिव्यांचे पंधरा सेकंदांचे फोटो घ्यायचे तर मी ग्रिप काढून ठेवतो.

रंगपंचमीलाही काढतो. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, माणसं धप्पाधप उड्या मारत असतात आणि रंगीत पाणी चार बाजूंनी येतं. कॅमेऱ्याच्या झाकणाला असतो तसा रबराचा गॅस्केट स्वस्त ग्रिपला बहुधा नसतो, आणि कप्प्याचं झाकण तर आपण स्वतःच काढून ठेवलेलं असतं. म्हणजे पाण्याला थेट आत जायचा रस्ता.

बॅटऱ्यांच्या जोड्या लावून ठेवाव्यात. माझ्या बॅटऱ्यांवर मार्करने १-अ, १-ब, २-अ, २-ब असं लिहिलंय. एकत्र घेतलेल्या एकत्रच राबतात. नवी आणि चार वर्षं जुनी अशी जोडी लावली की जुनी लवकर बसते आणि आकडे फसवे दिसतात. कॅननच्या मेनूत बॅटरीची माहिती बघता येते, तिथे तीन हिरव्या पट्ट्या दिसल्या तर बॅटरी ठणठणीत, एक लाल दिसली तर नवी घ्यायची वेळ. आणि घरचं एक गणित विसरू नका. एलपी-ई६ चार्ज व्हायला सुमारे अडीच तास लागतात आणि चार्जरमध्ये एका वेळी एकच बसते. दोन्हींचे पाच तास. रात्री बाराला लग्नाहून आलात आणि सकाळी सातची हळद असली, तर मध्ये एकदा उठावं लागतं, आणि लोडशेडिंग असेल तर देवावर हवाला. दुसरा चार्जर हा ग्रिपसोबतचा छुपा खर्च. (दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, त्यांचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. असल्या विवंचना त्यांना नव्हत्या, हे रात्री अडीचला हमखास आठवतं.)

मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात सेन्सर आणि व्ह्यूफाइंडर सतत चालू असल्याने सुरुवातीला ग्रिप जवळपास गरजेचीच होती. सोनीच्या ए७ टूचा आकडा अवघा ३५० होता. ए७ थ्रीत मोठी बॅटरी आली आणि तो ७१०वर गेला. शिवाय नव्या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे पॉवर बँकेवर चालतात. नुसत्या बॅटरीसाठी ग्रिप घ्यायचं कारण तिथे आणखी कमी झालं. घेताना एवढं बघा की तिच्यावर बटणं आहेत का. निकॉन झेड६ची एमबी-एन१० ही नुसता बॅटरीचा डबा आहे, तिला उभं शटर नाहीच.

सेकंडहँड घेत असाल तर मॉडेल अचूक जुळवा. बॅटरी तीच आहे म्हणजे ग्रिप बसेल असं नसतं. एलपी-ई६ चालणाऱ्या ६०डीला बीजी-ई९, ६डीला बीजी-ई१३, ७०डी-८०डीला बीजी-ई१४, ७डी मार्क टूला बीजी-ई१६, अशा सगळ्या वेगळ्या. दुकानात आपलाच कॅमेरा न्या. आधी एका खाचेत एकच बॅटरी घालून बघा, मग दुसऱ्या खाचेत. डायल दोन्ही दिशांना फिरवा, शटर अर्धं दाबून फोकस होतो का पाहा, आणि शेवटी कॅमेरा व ग्रिप धरून हलकंसं पिळा. बंद पडला तर तिथेच ठेवून या.

आणि भाच्याचा १५००डी? त्याला कंपनीची ग्रिप नाहीच. कॅमेऱ्याच्या तळातून ग्रिपशी बोलायची सोयच दिलेली नाही. बाजारात मिळतात त्या ग्रिप्समधून एक आखूड वायर निघते आणि ती बाजूच्या रिमोटच्या भोकात खुपसायची. शटर चालतं, डायल चालत नाही. मी त्याला सांगितलं, दुसरी एलपी-ई१० घे आणि स्क्रीनवर झूम करणं कमी कर.

त्याने बॅटरी घेतली. मागच्या आठवड्यात एका साखरपुड्याला माझ्यासोबत आला आणि हौसेने ग्रिपवाला कॅमेरा मागून घेतला. तासाभराने परत आणून दिला. एका हाताने दुसरं मनगट चोळत होता. "मामा, लोक बाजूला होतात रे," म्हणाला, "पण हे दिवसभर धरायचं?"